‘मॅडम, पैसे किती सांगू?’

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "मॅडम, काम येतं मला, पण..." एवढं म्हटलं की पुढचं मीच म्हणू शकते. पण पैसे किती सांगू, सांगायला जीभच रेटत नाही. येणारी बहुतेक बावीस ते तिशीतली मुलंमुली, कुणी बीएमएम, कुणी बीकॉम, एक इंजिनीअर, एक बोरिवलीची दोन पोरांची आई. सगळ्यांना करायचंय एकच, छोट्या दुकानांची, क्लासेसची, पार्लरची इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजेस सांभाळायची. येतात मात्र "झोप लागत नाही" किंवा "कॉन्फिडन्स नाही" म्हणून, आणि पैशाचं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं, तेही बॅग खांद्याला लावून उठता उठता.

मी मार्केटिंगवाली नाही हे आधीच सांगते. पण एकच गोष्ट वीस-पंचवीस जणांच्या तोंडून ऐकली की धंद्याचंही थोडं कळायला लागतं, मनाचं तर कळतंच. त्यातली एक केस लिहितेय. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं बरंचसं बदललंय, फक्त मासे तसेच ठेवलेत, कारण "मॅडम मासे नाही बदलायचे" असं तिनेच बजावलं.

ती सव्वीसची, कोळीवाड्यातली. आजी अजून बाजारात बसते, वडील नोकरीत, आई घरी. एका एजन्सीत दोन वर्षं काढून नोकरी सोडलेली. पहिल्या भेटीत तिने फाईलच आणली होती, तीन ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं, स्वतःच्या धंद्याचं नाव, लोगो, लोगोचे चार रंग, व्हिजिटिंग कार्डाचे दोन नमुने. तयारी बघून मीच दमले.

"किती जणांचं काम केलंस?"

"अकरा."

"पैसे?"

"ओळखीचे होते ना मॅडम."

बारावे एक चष्म्याच्या दुकानवाले काका, त्यांनी आपणहून विचारलं की महिन्याचे किती घेशील, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला जमेल ते द्या." काकांना अडीच हजार जमले. तीन महिने तिने त्या अडीच हजारांत बारा-बारा पोस्ट, चार-चार रील्स केल्या, वर रात्री अकरा वाजता काकांचे व्हॉट्सॲप, "बेटा तो फोटो जरा मोठा कर." एक दिवस ट्रेनमध्ये लेडीज डब्यात रडू फुटलं, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली, आणि तिथून माझ्याकडे.

आता माझी चूक पण सांगते. पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. तिला हिशेब शिकवायला गेले, आरशासमोर "महिन्याचे नऊ हजार" म्हणून बघ असं सांगितलं, तिने गुणी मुलीसारखं केलंही, आणि पुढच्या दुकानात परत "जमेल ते". वाक्य पाठ झालं होतं, पोटातली भीती जागच्या जागी होती. हे मला कळायला हवं होतं, इतकी वर्षं हेच तर करतेय.

तिसऱ्या भेटीला ती अर्धा तास उशिरा आली. काकी आजारी, म्हणून सकाळी आजीबरोबर बाजारात बसावं लागलं होतं. मी आपलं सहज विचारलं, घरी मासे न्यायचेच होते,

"आज पापलेट काय भाव?"

"मोठी जोडी बाराशे."

"बाराशे कुणी ठरवलं?"

"आजीने. अजून कोण ठरवणार?"

"गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"महाग म्हणालं, पुढे गेलं."

"मग आजीला वाईट वाटलं असेल."

ती खळखळून हसली, आमच्या खोलीत पहिल्यांदा. "आजीला? तिने पापलेटांवर पाणी मारलं आणि पुढच्या बाईला हाक मारली."

का कुणास ठाऊक, मी विचारलं, "भाव सांगताना आजी बघते कुठे?"

आता ती गप्प. मग तिचा उजवा हात आपोआप उठला, जणू हातात मासा आहे, अंगठ्याने कल्ला उघडल्यासारखं केलं. दोनदा केलं. "पापलेटाकडे बघते," ती म्हणाली. "कल्ला उघडून लाल दाखवते आणि बाराशे म्हणते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही."

"आणि काकांनी विचारलं तेव्हा तू?"

"तोंडाकडे. त्यांचा चेहरा बदलतो का ते बघत होते."

पंखा फिरत होता, खाली बस हॉर्न देत होती, मी एक शब्द बोलले नाही. आमच्या कामात तोंड बंद ठेवणं हेच अर्धं कौशल्य आणि ते मला उशिरा जमलं. मग तीच म्हणाली, "मॅडम, आजी माशाचा भाव सांगते. मी माझाच सांगत होते."

हे वाक्य माझ्या वहीत आहे, तारखेसकट. मी हजार शब्दांत जे सांगते ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. तिच्या डोक्यात काकांचं ‘नाही’ म्हणजे ‘तू नाही’ असं होतं. त्यात एक छुपी सक्ती पण होती, की समोरच्याने नकार देताच कामा नये, दिला तर संपलंच. नकार आला तर वाईट वाटणारच, वाटू दे, पण वाईट वाटणं वेगळं आणि स्वतःला रद्दीत काढणं वेगळं. समुपदेशनातल्या मी ज्या घराण्यातली त्याचा मूळपुरुष, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्याचा किस्सा आमच्यातले सगळे सांगतात, मीही सांगितला. हा माणूस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला इतका घाबरायचा की त्याने स्वतःलाच काम लावून घेतलं, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की जाऊन बसायचं आणि बोलायचं. तो सांगायचा की १३० पैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, डेट ठरली एकच आणि तीही आली नाही. पण एकीनेही त्याला खाल्लं नाही आणि भीती पळाली. (आज कुणी बागेत असं करत सुटला तर पोलीस येतील, त्यामुळे किस्सा घ्या, कृती नको.) तिला मी मुली सोडून दुकानं दिली. दहा दुकानं, भाव सांगायचा, काम मिळवायचंच नाही, दहा ‘नाही’ गोळा करून आणायचे.

पण त्याआधी पाटीत मासा तर हवा. आजी बोंबलाचा वाटा मांडते तेव्हा किती बोंबील ते गिऱ्हाइकाला दिसतं. या मुलांचा वाटाच मांडलेला नसतो. "मी तुमचं सोशल मीडिया बघेन" म्हणजे नक्की काय? म्हणून मी सगळ्यांना कागदावर लिहायला लावते. महिन्याला किती पोस्ट, किती रील्स, शूटला किती वेळा येणार, कमेंट आणि मेसेजना कोण उत्तर देणार, एका पोस्टमध्ये किती वेळा बदल करून मिळतील. आणि समोर तास. तिने लिहिले, शूटचे आठ, डिझाइन आणि मजकुराचे आठ, रील एडिटिंगचे सहा, उत्तरं द्यायचे तेरा. पस्तीस तास. अडीच हजार भागिले पस्तीस, तासाला एकाहत्तर रुपये. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती, मग तिनेच त्याच्याभोवती गोल काढला. नऊ हजार सांगितले तर तासाला अडीचशेच्या वर जातात. एवढंच गणित, पण ते कागदावर आलं की बघायला समोरच्याच्या तोंडाशिवाय दुसरं काहीतरी असतं.

ओघात आलंय तर चार गोष्टी अजून, इतरांच्या ठेचांवरून. विक्री वाढवून देईन असं वचन कधीच देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. हातात काय आहे, वेळेवर पोस्ट, स्वच्छ फोटो, नीट मजकूर, मेसेजला उत्तर. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम बंद पडलं होतं आठवतंय? सहा तासांच्या आसपास. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला त्या रात्री तीन दुकानदारांचे फोन, तू काय केलंस म्हणून, आणि हा पठ्ठ्या माफी मागत बसला! अख्ख्या जगाचं बंद पडलेलं याने अंगावर घेतलं. याच सवयीने मग रील चालली नाही की मी नालायक, चालली की मी ग्रेट. इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकचा आकडा लपवता येतो, स्वतःच्या अकाउंटवर तो लपवून महिनाभर राहून बघा, हा माझा लाडका गृहपाठ आहे. स्वतःचे फॉलोअर्स चारशे आहेत म्हणून कोण काम देईल, हेही खूप जण विचारतात. चष्मेवाल्याला तुमचे फॉलोअर्स नको असतात, त्याला हवं असतं की गल्लीतल्या माणसाने गूगलवर चष्मा शोधला की दुकान दिसावं, वेळ आणि फोन नंबर बरोबर असावा. कित्येकदा पहिलं काम गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचंच असतं, रील नंतर.

पेज दुकानदाराच्याच नावाने आणि नंबरवर काढा, स्वतःला फक्त ॲक्सेस घ्या. एकाने सगळं आपल्या नंबरवर काढलं, पुढे बिनसलं, आणि पेज कुणाचं यावरून जे झालं त्याने त्याची सहा महिने झोप गेली, तो माझ्याकडे झोपेसाठीच आला होता. जाहिरातीचा खर्च दुकानदाराच्या कार्डावर, तुमच्या फीमध्ये मिसळायचा नाही. निम्मे पैसे आधी. रात्री आठनंतर मेसेज बघितला जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगायचं, तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर भांडण वाटतं. आणि बिझनेस अकाउंटवर सगळी गाणी वापरता येत नाहीत, हे दुकानदाराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "शेजारच्याच्या रीलला ते गाणं आहे, आपल्याला का नाही" हे ऐकावं लागतं. जीएसटीची भीती घालणारे बरेच भेटतात, सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे पोचलात तर पेढे घेऊन या.

सगळीच भीती खोटी असते असंही नाही हं. इंजिनीअर मुलाला मी नोकरी सोडू नको म्हणून स्पष्ट सांगितलं. घराचा हप्ता त्याच्या पगारावर, शिल्लक दीड महिन्याची, आणि ग्राहक एक, तोही मावसभाऊ. त्याची धडधड अगदी शहाणी होती, तिला गप्प करायची गरज नव्हती. तो आता शनिवार-रविवार दोन क्लासेसचं काम करतो.

आईवडिलांना एक विनंती. पोरगी मोबाईलवर बोट फिरवत बसलीय असं दिसतं तेव्हा ती कदाचित एखाद्या दुकानाच्या गिऱ्हाइकाला साइज कळवत असेल. या कोळीवाड्यातल्या मुलीच्या बाबांना मी एकदा बोलावलं, तो तासांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "पस्तीस तास? ओव्हरटाइम नाही?" त्यानंतर घरी टोमणे कमी झाले म्हणे, संपले नाहीत.

दहा ‘नाही’ तिला जमले नाहीत. सातच मिळाले, दोघांनी विचार करतो म्हटलं आणि एक मसाल्याच्या दुकानवाल्या काकू हो म्हणाल्या, घासाघीस करून आठ हजारला. गृहपाठ अपुरा राहिला म्हणून ती माझ्यासमोर खोटं खोटं कान पकडून उभी राहिली. चष्मेवाल्या काकांनाही तिने नवा भाव सांगितला, त्यांनी सोडलं, ती दोन दिवस उदास होती आणि तिसऱ्या दिवशी प्रभादेवीच्या एका बुटीकमध्ये गेली. आता चार ग्राहक आहेत, मध्ये पाच होते.

मागच्या महिन्यात भेटायला आली ती वैतागूनच. आजीला म्हणाली होती, तुझं पण पेज काढते, सकाळी ताजा मासा आला की फोटो टाकू, लोक घरून ऑर्डर देतील. आजीने बोंबील साफ करता करता मान वर न करता विचारलं, "किती घेशील?"

"मग काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, आजी तुझ्याकडून काय घेणार..." आणि जीभ चावून स्वतःच हसत सुटली. "परत तेच केलं ना मॅडम?"

"आजी काय म्हणाली?"

"म्हणाली फुकटचं काम नको, धड होत नाही. महिन्याला दोन हजार आणि रविवारची कोळंबी. मी अडीचवर अडलेय."