हार्ड डिस्क टकटक करतेय? आधी वीज बंद करा

टकटक आवाज म्हणजे बहुतेक वेळा हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) गेलेलं असतं. अशी डिस्क चालू ठेवली तर हेड प्लॅटरवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चकतीवर, घासतं आणि खरवडला गेलेला भाग कोणीही परत आणू शकत नाही. चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) तर अजिबात चालवू नका, ते बिघडलेल्या डिस्कवरच लिहायला लागतं.

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं भरपूर आहेत, पण 'इथेच उघडून बघतो' म्हणणाऱ्याकडून डिस्क परत घ्या. हेड बदलायला क्लास 100 क्लीनरूम (जवळजवळ धूळ नसलेली खोली) किंवा तशी स्वच्छ हवेची पेटी लागते, शिवाय जुळणारी डोनर डिस्क, म्हणजे जिचं हेड काढून वापरायचं अशी दुसरी डिस्क. नुसता मॉडेल नंबर सारखा असून भागत नाही. सर्किट बोर्ड बदलायचा असेल, तर जुन्यावरची रॉम चिप (त्याच डिस्कची खास माहिती साठवलेली) नव्यावर चढवावी लागते. दुकानदाराला हे विचारा, गोंधळला तर पुढचा बघा.

डिस्क कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवायची असेल तर अँटिस्टॅटिक पिशवी आणि चारी बाजूंनी 5 सेंमी फोम. आधी लेखी घ्या: तपासणीचे किती, डेटा नाही मिळाला तर किती, पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का, आणि आधी इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढून त्यावरच काम करणार ना. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

2019 सारख्या पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळातही नको. गाळ प्लॅटरवर सुकून बसतो. ओलसर फडक्यात गुंडाळून, हवाबंद पिशवीत, तशीच द्या.