साहेबाचं पिस्तूल

*वाचकांची पत्रं आणि पोलीस शस्त्रागारात ३१ वर्षं आर्मोरर (हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काढलेल्या माणसाची उत्तरं*

प्रश्न : काका, आमचं गावातलं धाब्याचं घर गेल्या महिन्यात पाडलं. भिंतीतला एक कोनाडा बुजवलेला होता, त्यातून मेणकापडात गुंडाळलेलं एकनळी पिस्तूल निघालं. वीतभरही लांब नाही आणि त्याला चापच नाही. सासरे म्हणतात, "हाई साहेबनी दियेल शे." साहेब म्हणजे धरणगावचा इंग्रजी फौजेतला अधिकारी आउट्रम साहेब, आमच्या खापरपणजोबांना त्यानं बक्षीस दिलं म्हणे. चिंचेनं घासून बैठकीत लावायचा त्यांचा विचार आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या हत्याराला लायसन लागत नाही, असं दिरांनी मोबाइलवर पाहिलं. फोटो पाठवत आहे. (एक शिक्षिका, अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, चिंच आमटीत घाला, पिस्तुलाला लावू नका. आंबटानं गंज निघतो, पण घासता घासता नळीवरचे बारीक शिक्केही निघतात. जुन्या पिस्तुलाचा जन्मदाखला म्हणजे ते शिक्केच. तुमचा तिसरा फोटो मी भिंगाखाली अर्धा तास धरून बसलो होतो, ते त्यासाठीच.

चाप नाही असं तुम्ही लिहिता. तो आहे, पोटात मिटलेला आहे. घोडा मागे ओढला की चाकूच्या पात्यासारखा खाली येतो. खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून ही युक्ती. (हे वाचून घोडा ओढून बघू नका!) नळीच्या तोंडाशी आतून चार खाचा दिसतात, त्या किल्लीच्या. ठासणीच्या मोठ्या बंदुकीत दारू-गोळी तोंडातून गजानं ठासतात. इथं नळीच पिळून काढायची, मागच्या खळग्यात दारू, वर गोळी आणि नळी पुन्हा आवळायची. गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे ती घट्ट घासत बाहेर पडते. एक बार झाला की सगळं पुन्हा खोलायचं. समोरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही, म्हणून हे हत्यार अगदी जवळून वापरायचं.

आता साहेबाकडे येऊ. घोड्याखाली ठिणगी पाडणारी गारगोटी नाही, टोपी (ठोक्यानं पेटणाऱ्या रसायनाची इवलीशी वाटी) बसवायचं पोकळ टोक, म्हणजे निपल, आहे. अशा रसायनाचं पेटंट फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ साली घेतलं आणि तांब्याची टोपी १८२० च्या दशकात रुळली. आउट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली १८२५ साली आणि १८३५ साली तो इथून गेला. म्हणजे इथवर तुमच्या सासऱ्यांची, आबांची, गोष्ट तगते. पण नळीवर लंबगोलात ई, एल, जी अशी तीन इंग्रजी अक्षरं आहेत, खाली चांदणी. हा बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या बंदूक-तपासणी घराचा शिक्का. तो तसा १८१० पासूनचा, त्यामुळे नुसता लंबगोल असता तर मी गप्प बसलो असतो. तुमच्या लंबगोलावर मुकुट आहे, आणि मुकुट आला १८९३ साली. आउट्रम वारला १८६३ साली. तुमच्या पिस्तुलावर शिक्का बसला तेव्हा साहेबाला जाऊन निदान ३० वर्षं झाली होती.

आबांना हे जेवण झाल्यावर सांगा, आधी नको. लिएजचे कारागीर टोपीची स्वस्त पिस्तुलं काडतुसाच्या काळातही परदेशी बाजारासाठी करत होते. कुणीतरी रोख पैसे मोजून ते घेतलं असणार. त्यात कमीपणा काय?

दिरांनी पाहिलेला व्हिडिओ बहुधा अमेरिकेतला असेल. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार प्राचीन धरतात. आपल्याकडे नुसत्या वयावर सूट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे खरी, पण दुरुस्ती करूनही ज्यातून बार निघणार नाही अशालाच. लोक वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतात आणि दुसऱ्या अर्ध्यात अडकतात. तुमच्या पिस्तुलाचा घोडा शाबूत दिसतो, निपलही. ते बार काढेल की नाही हे मी फोटोवरून ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. ते तज्ज्ञाचं काम.

म्हणून आजच एक साधा अर्ज लिहा : कुठं सापडलं, कोणत्या तारखेला, कोणासमोर. सोबत फोटो जोडा. पिस्तूल पिशवीत घालून एसटीनं नेऊ नका. ठाण्यात कळवा, ते येऊन पंचनामा करून नेतील. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, जमा केल्याची पावती घ्या. परत हवं असेल तर पुढचा अर्ज कलेक्टर कचेरीत, आणि तिथं धीर लागतो.

तोवर नळीचं तोंड भिंतीकडे. नोकरीच्या सुरुवातीला सातपुड्याकडच्या एका गावातून असंच ठासणीचं पिस्तूल जमा झालं. सगळे म्हणाले रिकामं आहे. मी नळीत बांबूची काडी घातली, नखानं खूण केली, काडी बाहेर काढून नळीवर धरली. दीड इंच कमी! आत गोळी आणि दारू तशीच बसली होती. ती काढून चिमूटभर कौलावर ठेवून काडी लावली, तर फस्सकन पेटली. काळी दारू कोरडी राहिली की म्हातारी होत नाही.

प्रश्न : भुसावळच्या रेल्वे साहेबाच्या बंगल्यातलं 'ओरिजिनल डेरिंजर' एक जण १८,००० रुपयांत देतो म्हणतो. घेऊ का? (एक तरुण वाचक, जळगाव)

उत्तर : नको. पहिली गोष्ट, विकणाऱ्याकडे आणि तुमच्याकडे कागद नसतील तर तो सौदा नाही, गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. हेन्री डेरिंजर हा फिलाडेल्फियाचा कारागीर, त्याच्या आडनावात मधला इंग्रजी 'आर' एकच. १८६५ साली लिंकनवर झाडलेलं पिस्तूल त्याचंच, ते आजही वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात आहे. त्याचा माल इतका चालला की नकला निघाल्या आणि मधे दोन 'आर' लावलेला शब्द अशा कुठल्याही खिशातल्या पिस्तुलाला चिकटला. त्यामुळे 'ओरिजिनल डेरिंजर' ऐकलं की मी आधी विचारतो, मधले आर किती? तुमच्या फोटोत दोन आहेत, मुठीवर ओतकामाची शिवण आहे आणि गंज सगळीकडे एकसारखा लालबुंद. खरा गंज असा गणवेश घालून येत नाही. हात लागतो तिथं कमी, खाचेत जास्त. हा शोभेचा माल दिसतो, पण तेही ठरवायचं ते कागद आल्यावर.

प्रश्न : लायसनच्या भानगडीत न पडता हा छंद करता येईल का? (एक निवृत्त वाचक, धुळे)

उत्तर : मी तेच करतो. माझ्याकडे एकही पिस्तूल नाही. चार वह्या आहेत, त्यांत नळीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं उठवलेले शिक्क्यांचे ठसे, वरिष्ठांच्या परवानगीनं घेतलेले. लंडन, बर्मिंगहॅम, लिएज. हत्यारं पाहायची तर पुण्याचं केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आणि हो, बंदुकीची दारू ठेवायची एक रिकामी पितळी दारूदाणी सारंगखेड्याच्या यात्रेत घासाघीस करून ६०० रुपयांना घेतली. तिची स्प्रिंग अजून कटकन बसते.