मॅडम, हा खोकला जाणार कधी?

म्हाताऱ्या कुत्र्याच्या खोकल्यापायी माणसं समुपदेशकाकडे येतात, याचं पुष्कळांना नवल वाटतं. मला आता वाटत नाही. "रात्ररात्र झोप नाही, हा खोकला जाणार कधी?" हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला, की एकदा लिहावंच म्हटलं.

त्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. घरात १२ वर्षांचा पॉमेरेनियन. बदक ओरडावं तसा खोकायचा. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वासनळीच्या कुर्चेच्या कड्या सैल पडल्यात, नळी चपटी होते. लहान चणीच्या कुत्र्यांत हे नेहमीचं. हृदयाची एक झडपही थोडी गळत होती. आटोक्यात राहील, पुरतं बरं होणार नाही.

"पण त्याला खोकला यायलाच नको ना!" काकू म्हणाल्या.

"येऊ नये असं वाटणं आणि येताच कामा नये म्हणणं, यात फरक आहे काकू."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्टी विचार जास्त त्रास देतो असं मानणारी. आपल्याला आजाराइतकाच हा 'च' छळतो, असं माझं अनुभवानं पक्कं झालेलं मत आहे. पण काकूंना ते पटेना. तीन भेटी तशाच गेल्या. चौथ्या वेळी मी म्हटलं, मुलाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. फक्त कुत्र्याचं नको, तुमचंही.

पुढच्या भेटीत दोघी शेजारी बसून पाहिलं. तो दोनदा खोकला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, "काय झालं रे राजा," म्हणत त्याला छातीशी कवटाळलं. तो बावरला, धापा टाकू लागला आणि मग खोकल्याची उबळ सुटली ती थांबेचना. काकूंनी ते पुन्हा लावलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी गेले नसते तर दोनदाच खोकला असता."

उत्तेजित झालं की अशा कुत्र्याचा खोकला वाढतो, हे डॉक्टर सांगतातच. काकूंना ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागलं, आणि ते दाखवायचं मला सुचलं, याचं आजही समाधान आहे.

पुढचं सोपं होतं. गळ्यातला पट्टा गेला, छातीचा आला. उदबत्ती आणि फोडणीच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत. उन्हात फिरणं बंद. तूप-पोळी बंद झाल्यावर वजन ६ किलोवरून हळूहळू ५ वर आलं. जाड कुत्र्याला श्वास जड जातो, म्हणून याबाबतीत मी अगदी कडक असते. आपलं खोकल्याचं औषध मात्र मनानं कधीही देऊ नका, त्यातली काही द्रव्यं कुत्र्याला विषारी असतात.

आणि काळजीला काम हवं, म्हणून मोजणी. गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. ३० च्या आत असेल तर आपणही झोपायचं. पुन्हा मोजूनही त्यावर राहिला तर डॉक्टरांना फोन. हिरड्या-जीभ निळसर दिसली किंवा तो कोसळला, तर मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना.

परवा काकूंनी वही दाखवली. २२, २४, २०. एका रात्री ३८, पुन्हा मोजून ४०.

"घाबरले होते मॅडम," त्या म्हणाल्या, "पण फोन केला, त्याला टोपलीत ठेवलं आणि गाडी मीच चालवली."