मोल म्हणजे किंमत नव्हे, रास

प्रश्न असा आला आहे: ‘रसायनशास्त्रातला मोल आणि “मोलाचा सल्ला” यातलं मोल एकच का? आणि दोन मोल पाणी म्हणावं की पाण्याचे दोन मोल?’

एकच नाहीत. रसायनशास्त्रातला मोल हे पदार्थाचं प्रमाण त्यातल्या कणांच्या राशीत मोजायचं एकक. आपलं मोल संस्कृत ‘मूल्य’, प्राकृत ‘मोल्ल’ या वाटेनं आलं. मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल हा त्याचा गोतावळा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. पण ‘मोल म्हणजे पदार्थाचं रासायनिक मूल्य’ हे वाक्य मी शिकवणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते ऐकवत नाही. मुलं ते खरं धरून बसतात आणि या शब्दाची खरी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे ढीग, अवजड वस्तू, नजरेत न मावणारं बांधकाम. सम्राट हेड्रियनच्या रोममधल्या प्रचंड समाधीला ‘मोलेस’च म्हणत. इंग्रजीतला ‘डिमॉलिश’ याच घराण्यातला, म्हणजे रचलेलं पाडणं. सतराव्या शतकात विद्वानांनी या मोलेसला लघुत्वाचा प्रत्यय लावून ‘मोलेक्युला’ वापरात आणला, छोटासा ढीग. त्याचंच पुढे ‘मोलेक्यूल’ झालं, म्हणजे आपला रेणू. मग १८९०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी ग्रॅममध्ये मोजलेल्या रेणुभाराला (रेणुभार म्हणजे रेणूतल्या अणूंच्या भारांची बेरीज) ‘मोल’ असं सुटसुटीत नाव दिलं. शब्द तोडला तो नेमका लघुत्वाच्या प्रत्ययापाशी! ढिगाचा कण झाला होता, त्या कणाचा पुन्हा ढीग झाला.

कोशकार ‘मोलेक्यूलचं संक्षिप्त रूप’ एवढं लिहून मोकळे होतात. मला हे मुळीच पुरेसं वाटत नाही. ऑस्टवाल्ड त्या काळात अणू-रेणू खरोखर असतात हेच मानायला तयार नव्हते; १९०९च्या आसपास त्यांचं मत पालटलं. रेणू न मानणारा माणूस आपल्या एककाला रेणूचं नाव देऊन स्वस्थ बसेल? त्यांच्या डोळ्यांपुढे तराजूत घालता येणारा ढीगच होता आणि लॅटिन मोलेस त्यांच्या कानात वाजत होता, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोलमधल्या कणांच्या संख्येला ज्यांचं नाव दिलं आहे, त्या शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रो यांचा जन्म १७७६ साली ट्यूरिनचा. समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हे त्यांनी १८११ साली मांडलं. त्याच ट्यूरिनमध्ये १८८९ साली पूर्ण झालेली उंच निमुळत्या शिखराची एक इमारत आहे आणि तिचं नाव ‘मोले’! तोच लॅटिन मोलेस. इटलीच्या दोन सेंटच्या नाण्यावर ती कोरलेली आहे.

आता मराठीकडे. आपला ‘रेणू’ म्हणजे धुळीचा कण. लॅटिन ढिगाकडून कणाकडे उतरली, आपण थेट कणच उचलला. मग त्या कणाच्या जोडीला ढीग हवा, आणि तो आपल्या घरात केव्हाचा आहे: रास. धान्याची रास होते, आणि पदार्थविज्ञानात ‘भौतिक राशी’ म्हणतो तीही तीच. रेणू आणि रास, अशी जोडी पाठ्यपुस्तकांत आली असती तर अर्धा धडा न शिकवता कळला असता. त्याऐवजी जुन्या परिभाषेनं ‘ग्रॅम-रेणू’ दिला. धुळीच्या कणाला ग्रॅम जोडून कुणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहणार? परिभाषा करणाऱ्यांनी इथे कान वापरला नाही, हे मी पुन्हा पुन्हा म्हणेन.

रास म्हटलं की ‘कशाची?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि मोलच्या गणितात मुलं तिथेच अडखळतात. ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणजे काय? अणूंची रास असेल तर १६ ग्रॅम, रेणूंची असेल तर ३२. ३६ ग्रॅम पाणी घ्या. एका मोलचे १८ ग्रॅम, म्हणजे रेणू दोन मोल. पण सूत्रात हायड्रोजनपुढे दोनाचा आकडा आहे, म्हणून हायड्रोजनचे अणू चार मोल, ऑक्सिजनचे दोनच. मिठाचं तर आणखी वेगळं. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. सुटा रेणू कुठेच नाही. तरी ५८.५ला बेधडक ‘मिठाचा रेणुभार’ म्हणतात. तो सूत्रभार आहे, म्हणजे सूत्रातल्या अणूंच्या भारांची बेरीज. रेणू नाही, पण रास आहे, म्हणून मिठाचाही मोल होतो.

२०१९पासून मोलची व्याख्या कार्बन-१२च्या १२ ग्रॅमवर, म्हणजे तेवढ्यातल्या अणूंच्या संख्येवर, टेकलेली नाही. एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण, असं ठरलं आहे. ‘मग मोल डझनासारखा नुसता आकडा झाला’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आकड्यानं राशीचं माप ठरतं, रास नाहीशी होत नाही.

आणि हो, ‘दोन किलो लोखंड’ तसंच ‘दोन मोल पाणी’. ‘पाण्याचे दोन मोल’ चुकीचं नाही, पण गणितात ‘पाण्याचे रेणू दोन मोल’ असं पूर्ण लिहा.