अतिवेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या अंतर्भागाची माहिती त्याच्या कंपनांवरून कशी मिळते? वेगामुळे ही पद्धत निरुपयोगी ठरत नाही का?

मी नागपुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि आपण विचारलेली शंका मला रास्त वाटते. सूर्याला विषुववृत्तावर एक फेरी पूर्ण करायला सुमारे 25 दिवस लागतात. त्यामुळे तो जवळजवळ पूर्ण गोल राहतो, आणि न फिरणाऱ्या ताऱ्याचे गणित करून त्यात परिवलनाची लहानशी दुरुस्ती केली की काम भागते. परिवलनामुळे एकाच कंपनाच्या जवळजवळच्या अनेक वारंवारता होतात आणि त्यांच्यातील अंतरावरून आतील वेग काढता येतो.

श्रवण (अल्टेअर) या ताऱ्याच्या बाबतीत हे जमत नाही. नवरात्राच्या सुमारास संध्याकाळी सात-साडेसातला नागपुरातून पाहिल्यास हा तारा खमध्यापासून साधारण 12 अंश दक्षिणेला असतो आणि शहराच्या उजेडातही सहज दिसतो. त्याची एक फेरी सुमारे आठ तासांत होते. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून 2007 साली त्याच्या पृष्ठभागाचे चित्र मिळवण्यात आले, तेव्हा त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा जवळजवळ पाव पटीने जास्त असल्याचे दिसले. ध्रुव तप्त व तेजस्वी आणि विषुववृत्त तुलनेने थंड असणार, हे स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ फॉन झाइपेल यांनी 1924 सालीच सांगितले होते. अशा चपट्या ताऱ्यात किरकोळ दुरुस्तीने भागत नाही; गणित त्रिज्या आणि अक्षांश या दोन्ही दिशांनी एकत्र करावे लागते. ध्वनीसारख्या दाबाच्या कंपनांपैकी, म्हणजे पी-मोडपैकी, काही ठरावीक पट्ट्यांत अडकतात, तर काहींचे मार्ग चक्क अव्यवस्थित होतात. मोजलेली वारंवारता नेमकी कोणत्या कंपनाची आहे, हे ओळखणेच मग अवघड होऊन बसते.

मात्र कंपनांचा दुसरा प्रकार, जी-मोड, येथे फार उपयोगी पडतो. त्यांत वायूला मूळ जागी परत आणणारे बल उत्प्लावनाचे असते, आणि त्यांची संवेदनशीलता गाभ्याच्या सीमेजवळ सर्वाधिक असते. तारा फिरत नसेल, तर लागोपाठच्या जी-मोडच्या आवर्तकालांत जवळपास समान अंतर असते. तारा वेगाने फिरू लागला की कोरिऑलिस बलामुळे (फिरणाऱ्या वस्तूत हालचालीची दिशा वळवणाऱ्या बलामुळे) हे अंतर समान राहत नाही: परिवलनाच्या दिशेने जाणाऱ्या कंपनांचा आवर्तकाल जसा वाढत जातो, तसे आपल्याला दिसणारे अंतर क्रमाने घटत जाते. या घटीचा उतार गाभ्यालगतच्या परिवलनाचा वेग सांगतो. म्हणजे ज्या परिणामाने जुनी पद्धत बिघडवली, त्याचेच मोजमाप येथे हवे असलेले उत्तर देते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

यासाठी निरीक्षणे दीर्घ आणि अखंड असावी लागतात. जी-मोडने कंप पावणाऱ्या गॅमा डोराडस वर्गाच्या ताऱ्यांची कंपने साधारण एका दिवसाच्या आसपासची असतात, आणि एका ठिकाणाहून पाहणाऱ्या दुर्बिणीच्या नोंदीत दररोज दिवसाची खिंडारे पडतात, त्यामुळे खरी वारंवारता आणि तिची फसवी प्रतिकृती यांत गोंधळ होतो. (विदर्भातल्या पावसाळ्याचा तर उल्लेखच नको.) 2009 साली सोडलेल्या केप्लर अवकाश दुर्बिणीने आकाशाच्या एकाच भागाकडे चार वर्षे पाहिल्यामुळे अशा शेकडो ताऱ्यांतील हा उतार मोजता आला. त्यांतील पुष्कळ ताऱ्यांत गाभ्याजवळचा आणि पृष्ठभागाचा वेग जवळपास सारखाच आढळला. सिद्धांताच्या दृष्टीने ही अडचणीची गोष्ट आहे, कारण कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) आतून बाहेर इतक्या प्रभावीपणे कोण वाहून नेते, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही. चुंबकीय क्षेत्र आणि अंतर्गत लहरी हे दोन प्रमुख दावेदार आहेत.

आपण स्वतः प्रयत्न करणार असाल, तर केप्लर आणि टेस या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणे विनामूल्य उपलब्ध आहेत आणि साध्या लॅपटॉपवर त्यांचे विश्लेषण होते. सुरुवात गॅमा डोराडस ताऱ्यांपासून करावी. प्रामुख्याने पी-मोडने कंप पावणाऱ्या डेल्टा स्क्यूटी वर्गात, ज्यात श्रवणही मोडतो, काही तरुण ताऱ्यांच्या वारंवारतांत नियमित रचना सापडल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले असले, तरी बहुतेकांत पी-मोडची ओळख पटवण्याचा प्रश्न कायम आहे.