क्रोशाच्या सुईला पॉलिमर क्लेची मूठ केली, पण भाजल्यावर तडे गेले आणि मूठ सुईवर गोल फिरते. काय चुकतंय?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. मूठ फिरते, कारण पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती) धातूला चिकटतच नाही. आणि तडे बहुतेक वेळा भाजणं कमी पडल्यामुळे जातात.

आधी सुई कसली आहे ते बघा. अॅल्युमिनियम किंवा स्टीलची असेल तर निर्धास्त राहा. प्लास्टिकची सुई ओव्हनमध्ये वाकते, तिच्या वाटेला जाऊ नका. बांबूची असेल तर क्ले लावण्याआधी नुसती सुई अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवून वाळवा, नाहीतर लाकडातली ओल वाफ होऊन क्लेला फोड आणते.

आता पकड. बहुतेक अॅल्युमिनियमच्या सुयांना मधोमध अंगठ्यासाठी चपटा भाग असतो, त्यावर सुईच्या मापाचा नंबर कोरलेला असतो. मूठ फिरू न देणारी जागा हीच. मुठीची जागा खरखरीत पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, लिक्विड क्लेचा (द्रवरूप पॉलिमर क्लेचा) अगदी पातळ हात द्या. मग क्लेची छोटी चकती त्या चपट्या भागात दाबून बसवा आणि त्यानंतरच वरून मुख्य थर गुंडाळा. मागचं टोकही झाका. नंबर झाकला जातो, म्हणून तो मागच्या टोकावर क्लेमध्येच कोरून ठेवा.

साडेतीन मिमीच्या सुईला नऊ सेंमी लांब आणि एक सेंमी जाड मूठ करायला साधारण १२ ग्रॅम क्ले लागते, म्हणजे ५७ ग्रॅमच्या वडीत चार मुठी आरामात होतात. क्ले मऊ आणि एकजीव होईपर्यंत मळा. घडी घालून वाकवली आणि कडेला चिरली, तर अजून मळायची आहे. तीन मिमी जाडीची पोळी लाटून सुईभोवती गुंडाळा, जोड बोटाने पुसून घ्या आणि काचेवर किंवा टाइलवर हलक्या हाताने लाटा. हे करताना मधून टोकांकडे दाबत गेलात तर आतली हवा बाहेर पडते. अडकलेली हवा भाजताना फुगते आणि तिथेच फुगवटा किंवा चीर दिसते. पुढच्या टोकापासून चार-पाच सेंमी सुई मोकळी सोडा, कारण टाके तिथे बसतात आणि टाक्याचं माप त्या दांडीवरूनच ठरतं. फुलांच्या नक्षीचे काप वर चिकटवायचे असतील तर ती नक्षी आरपार असलेला क्लेचा रूळ आधी फ्रिजमध्ये थंड करा, मग पातळ ब्लेडने एक मिमीचे काप काढा. गरम रुळाचं नक्षीकाम ब्लेडखाली चेपतं.

भाजण्याचं तापमान पाकिटावर असतं तेच घ्या: स्कल्पी ब्रँडच्या क्लेला १३० अंश सेल्सिअस, फिमोच्या क्लेला ११०. ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) बटणावर भरवसा ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण रॉड लागतो-विझतो तसं तापमान बरंच वर-खाली होतं. ओव्हन आधी तापवा. फॉइलला घड्या घालून छोटा पाळणा करा, त्यात सुईचा मोकळा भाग टेकवा म्हणजे मूठ अधांतरी राहते आणि चपटी होत नाही. वरून फॉइलचं सैल छत घाला, नाहीतर रॉडच्या बाजूने रंग करपतो. एवढ्या मुठीला मी पाऊण ते एक तास देईन. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने काही बिघडत नाही, कमी वेळाने मात्र क्ले ठिसूळ राहते आणि हातात तडकते. तापमान वाढवून वेळ वाचवू नका: करपलेल्या क्लेचा धूर घसा आणि डोळ्यांना झोंबतो. तसं झालंच तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. मायक्रोवेव्हमध्ये तर ही भाजायचीच नाही. झाल्यावर मूठ दार किंचित उघडं ठेवून ओव्हनमध्येच थंड होऊ द्या.

तुमची आत्ताची मूठ टाकून देऊ नका. ती मागच्या बाजूने पिळून ओढून काढा. चिरांमध्ये लिक्विड क्ले भरून योग्य तापमानावर परत भाजा, पुन्हा भाजलेलं चालतं. पूर्ण गार झाल्यावर आत सुपरग्लूचे दोन थेंब टाका आणि लगेच सुईवर सरकवा, कारण तो क्षणात धरतो. सुपरग्लू भाजण्याआधी लावू नका, उष्णतेने त्याची पकड जाते.

चकाकीसाठी ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून क्रमाने घासा, मग जीन्सच्या तुकड्याने रगडा. नेलपॉलिश किंवा स्प्रेचं वार्निश लावू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि लोकरीचे तंतू त्याला धरतात. लावायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वार्निश घ्या.