रेंट सीकिंग म्हणजे भाडं शोधणं नव्हे हो

प्रश्न असा आलाय की पब्लिक चॉईस अर्थशास्त्राचा उगम या विषयावर जाहीर व्याख्यान होतं, त्यात वक्त्यांनी पब्लिक चॉईसला 'जनतेची पसंती' म्हटलं आणि रेंट सीकिंगला 'भाडे शोधणे', तर हे मराठी शब्द बरोबर आहेत का.

नाहीत. दोन्ही नाहीत.

पहिल्याचं पटकन उरकतो. जनतेची पसंती म्हणजे टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मतं पाठवून ठरवतात ते. इथे जनतेला काय आवडतं हा मुद्दाच नाहीये. कर किती लावायचा, पूल कुठे बांधायचा, असे सगळ्यांच्या वतीने जे निर्णय होतात ते घेणारे मतदार, पुढारी आणि बाबू लोकही दुकानदारासारखंच आपापलं हित बघतात असं धरून चाललं तर काय दिसतं, एवढाच प्रश्न. जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टलक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचं 'द कॅल्क्युलस ऑफ कन्सेंट' आलं १९६२ ला, पुढच्या वर्षी व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला त्यांनी अशा विचाराच्या लोकांची बैठक बोलावली, आणि तेव्हा या प्रकाराला धड नावही नव्हतं, 'नॉन-मार्केट डिसिजन मेकिंग' असलं तोंडात न मावणारं काहीतरी म्हणायचे. टलकने १९६६ ला काढलेल्या नियतकालिकाचं नावही तेच, ते १९६८ ला बदलून पब्लिक चॉईस झालं. तेव्हा 'सार्वजनिक निवड' म्हणा, चालेल, फक्त अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोच्या सोशल चॉईसशी (अनेकांच्या आवडीनिवडींतून समाजाची एक निवड कशी काढायची) त्याची खिचडी करू नका, तो वेगळा विषय आहे. झालं.

आता भाडं. हे मी इतक्यांदा ऐकलंय, अग्रलेखांत वाचलंय, की डोकं फिरतं. अहो मराठीत भाडं कोण शोधतो? रिक्षावाला! "आज भाडंच मिळालं नाही" असं तोच म्हणतो, आणि तो बिचारा तुम्हाला स्टेशनवर सोडतो तेव्हा पैसे घेतो. रेंट सीकिंग बरोब्बर उलटं आहे, काही न पिकवता, काही न बनवता, सरकारकडून असा एखादा हक्क पदरात पाडून घ्यायचा की पैसा आपोआप यावा, आणि तो मिळवण्यासाठी वेळ, पैसा, वकील, दिल्लीच्या चकरा खर्च करायच्या. टलकने हे १९६७ च्या निबंधात मांडलं, आयातशुल्क आणि मक्तेदारी यांच्या शेजारी चोरीला बसवून: चोरीत पैसा नुसता या खिशातून त्या खिशात जातो, समाजाचं खरं नुकसान चोराच्या मेहनतीत आणि आपल्या कुलपांत आहे. रेंट सीकिंग हे नाव मात्र त्याचं नाही, ते ॲन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं, १९७४ चं, आणि तिचं उदाहरण कुठलं तर आपलंच, लायसन्स राजचं! १९६४ सालच्या भारतात अशा सरकारी हक्कांतून उपटता येण्याजोगी रक्कम तिने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के काढली. आयातीचं लायसन्स कारखान्याच्या क्षमतेवर मिळायचं, म्हणून आहे ती यंत्रं रिकामी पडलेली असतानाही लोक क्षमता वाढवत बसायचे. यात भाडं कुठे आलं?

रेंट सीकिंगमधला रेंट जुन्या अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचा आहे, जमिनीचा. आणि शेतजमिनीला मराठीत भाडं नसतंच, खंड असतो. कूळ खंड देतं. घराला, गाडीला, भांड्यांना भाडं. हा फरक आपल्या आजोबांना कळत होता, परिभाषा बनवणाऱ्यांना कळत नाही.

आणि आता खरी गंमत. खंड म्हणजे तुकडा, तोडलेला, म्हणजे रक्कम तोडून, ठरवून टाकलेली. खंडणीही तिथलीच, आज ती पोलीस स्टेशनात गेलीय पण मुळात ती ठरवून घेतलेली रक्कमच. आता मक्ता, म्हणजे ठेका, बघा. अरबीत क़-त-अ म्हणजे कापणे, त्यातून मक्ता, त्यातूनच सुलतानांच्या काळातला इक्ता, म्हणजे एखाद्या मुलखाचा महसूल नेमून देणं, आणि गझलेचा शेवटचा शेर तो मक्ताही त्यातलाच, जिथे गझल कापली जाते. म्हणजे संस्कृतातून आलेला खंड आणि अरबीतून आलेला मक्ता, एकमेकांशी काही नातं नाही, पण दोघांनीही 'कापून ठरवलेलं' यावरूनच अर्थ घेतला. मला तर हे कळलं तेव्हा जेवण सुचलं नाही. (कुणीतरी आता मक्ता 'मुक्त'वरून आला म्हणेलच. नाही आला.)

माझं म्हणणं याच्याही पुढे आहे. ग्रीकमधल्या मोनोपोलीचा अर्थ एकच विकणारा, बस. तो एकटा कसा झाला याबद्दल शब्द गप्प. एकाधिकार हा त्याचाच कोरडा तर्जुमा, कोशवाल्यांना लखलाभ. पण मक्तेदारी म्हटलं की मक्ता दिला कुणी हे लगेच विचारावं लागतं, आणि दारूचा असो की जकातीचा, मक्ता सरकारच द्यायचं. ब्यूकॅनन-टलक मंडळींना जे पुस्तकं लिहून सांगावं लागलं ते या शब्दात आधीच बसलेलं होतं असं मी म्हणतो, ज्यांना अतिशयोक्ती वाटते त्यांनी खुशाल म्हणावं.

तेव्हा रेंट सीकिंगला मी 'मक्तेखोरी' म्हणतो. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवतींनाही रेंट हा शब्द पुरेना, त्यांनी १९८२ ला 'डायरेक्टली अनप्रॉडक्टिव्ह प्रॉफिट-सीकिंग'चं 'डूप' असं लघुरूप काढलं, ते मराठीत कसं आणणार? मक्तेखोरी शिवीसारखी वाटते असा आक्षेप एका भाषातज्ज्ञांनी घेतला. पण खोर म्हणजे फारसीत खाणारा, आणि नफेखोर हा शब्द आपण बजेटच्या बातम्यांत बिनदिक्कत वापरतो की. दुसरा आक्षेप, मग लाचखोरी आहे ना. ती वेगळी. लाच हा गुन्हा, मक्तेखोरी पुष्कळदा अगदी कायदेशीर असते, निवेदन, शिष्टमंडळ, मंत्र्यांसोबत फोटो, आणि महिन्याभरात आयातशुल्क वाढल्याची अधिसूचना.